सोळा रस्त्यांचं शहर

१

कॉम्प्युटरच्या खोलीत जाताना चपला बाहेर काढाव्या लागत. धूळ गेली तर मशीन बिघडतं, असं वरून आलेल्या कागदात लिहिलं होतं. खिडक्यांना आतून काळा कागद चिकटवलेला, दाराच्या फटीला जुन्या चादरीची गुंडाळी आणि एसी सतत चालू. बाहेर लातूर त्रेचाळीस डिग्रीत भाजत असायचं आणि आत मी स्वेटर घालून बसायचे. मे महिन्यात काखेत स्वेटर घेऊन ऑफिसला जाणारी बाई म्हणून आमच्या गल्लीत माझी टिंगल व्हायची.

जिल्हा होऊन तेव्हा पाच वर्षं झाली होती. ऑफिस भाड्याच्या इमारतीत होतं. कपाटांवरचं जुन्या जिल्ह्याचं नाव खरवडून त्यावर नवं रंगवलेलं, पण उन्हाची तिरीप पडली की खालचं नाव वर यायचं. पावसानं सलग तिसऱ्या वर्षी दगा दिला होता. माझं काम म्हणजे तालुक्यांकडून आलेले टंचाईचे तक्ते मशीनमध्ये भरायचे. गावाचं नाव, माणसं, जनावरं, विहिरी किती, त्यातल्या कोरड्या किती, टँकरच्या खेपा किती. दिवसाला साठ-सत्तर गावं व्हायची. संध्याकाळी डोळे मिटले तरी हिरवी अक्षरं दिसायची.

मी सिंधु हनमंते, मुदखेडची. वडील रेल्वेत गँगमन. आमच्या घरात टेबलाशी बसून सरकारी पगार घेणारी मीच पहिली. रुजू झाले त्या दिवशी हेडक्लार्क शेषेराव चष्म्यावरून बघत म्हणाले, "हनमंते बाई, मशीन सरकारचं हाय, जपून. तुमच्या लोकांला नोकरी लवकर लागती. लवकर जाती बी."

पाण्याच्या माठाशेजारी दोन पेले होते. एक स्टीलचा, एक जर्मनचा, म्हणजे ॲल्युमिनियमचा, कड चेपलेला. जर्मनचा माझा, हे कुणी सांगितलं नव्हतं. सांगावं लागलं नव्हतं.

म्हणून दुपारची सुट्टीही मी त्याच खोलीत काढायचे. तिथं मशीन होतं, गारवा होता आणि माणसं नव्हती.

२

एका दुपारी कोरी फ्लॉपी हवी होती म्हणून मी खालचा खण उपसला. तळाशी एक फ्लॉपी निघाली. पांढऱ्या चिठ्ठीवर निळ्या पेनानं लिहिलं होतं: शहर.

"ती पंचाक्षरींची हाय," दारातून ग्यानोबामामा म्हणाले. ते ऑफिसचे शिपाई. पन्नाशीचे, दाराबाहेरच्या स्टुलावर बसून आल्यागेल्याच्या चपलांवर लक्ष ठेवणारे.

"पंचाक्षरी कोण?"

"तुमच्या आदी या खुर्चीवर व्हते. निलंग्याकडचे. लई हुशार माणूस. दिवसभर टकटक टकटक."

"बदली झाली?"

मामांनी मागं वळून पाहिलं. शेषेराव टेबलावर नव्हते. मग ते उठले आणि कोपऱ्यातल्या कपाटाखालून चपलांचा एक जोड त्यांनी बाहेर ओढला. टायरच्या तळाच्या, अंगठ्याजवळ शिवण घातलेल्या.

"साहेब म्हणत्यात पळून गेले. मार्चच्या शेवटाला सकाळी आत गेले. मी दिवसभर इथंच बसलेलो. संध्याकाळी कुलूप लावाया आलो तर आत कुणी न्हाई. चपला दारात." त्यांनी जोड पुन्हा आत सरकवला. "उन्हाळ्यात अनवाणी कोण पळून जातंय, बाई?"

मला वाटलं, मामांचा डोळा लागला असेल. घाईत पंचाक्षरींनी दुसऱ्या कुणाच्या चपला घातल्या असतील. अशा गोष्टीला हजार कारणं असतात.

फ्लॉपीवर एकच फाइल होती. तारीख १ जानेवारी १९८०. त्यालाही अर्थ नव्हता. आमच्या मशीनमधलं घड्याळ वीज गेली की विसरायचं, आणि तारीख नाही घातली तर प्रत्येक फाइल त्याच दिवशी जन्माला यायची.

मी प्रोग्रॅम चालू केला. पंचाक्षरींनी एक खेळ लिहिला होता. त्यात चित्रं नव्हती. नुसती वाक्यं, इंग्रजी अक्षरांत मराठी. आपण दोन शब्द टाइप करायचे आणि मशीन पुढचं सांगणार.

*तू गोलाईत उभा आहेस. सोळा रस्ते सोळा बाजूंना जातात. सगळ्या नळांना कुलपं आहेत. किल्ली कुणाकडे आहे ते विचारायचं नाही.*

लातूरच्या माणसाला सांगायला नको, आमच्या बाजारातल्या गोलाईला सोळाच रस्ते फुटतात. मला हसू आलं. मी टाइप केलं, जा ३.

*टँकर उभा आहे. टपावर बंदूकवाला. बायांची रांग तीन दिवसांची आहे.*

बघ रांग.

*पुढून चौथी बाई उभ्या उभ्या मेली आहे. मागच्या बाया सांगत नाहीत. सांगितलं तर तिची घागर जप्त होईल.*

माझं हसू गेलं. पण मी खेळत राहिले. नवव्या रस्त्यावर घरांच्या दारांवर खडूनं आकडे होते, आत जिवंत माणसं किती त्याचे. बाराव्या रस्त्यावर लोक रात्रीचं दव चाटायला पत्रे उलटे मांडत होते आणि खाकीवाले पत्रे मोजत होते. पाणी मिळालं नाही की खेळ संपायचा.

*तू पडलास. तुझी घागर कुणीतरी उचलली. तुला कुणी उचललं नाही.*

लगेच पुन्हा पहिल्यापासून सुरू करायचे मी. कशासाठी, ते सांगता येत नाही. सकाळभर मी ज्या गावांचे आकडे भरायचे, त्या गावांत आत काय चाललं असेल ते या माणसानं लिहून ठेवलं होतं, असं वाटायचं.

३

आठ-दहा दिवसांत मी सगळं शहर पालथं घातलं. प्रिंटरच्या लांब कागदाच्या पाठीवर नकाशा काढला. प्रत्येक रस्ता कुठं ना कुठं जात होता, सोळावा सोडून. तिथं नुसतं यायचं: *भिंत. पुढे रस्ता नाही.* मी त्या भिंतीशी तीन-चारदा गेले होते, आणि "बघ भिंत" असं विचारलंही होतं. उत्तर ठरलेलं: *हे मला समजलं नाही.*

त्या शुक्रवारी सवयीनंच पुन्हा टाइप केलं, बघ भिंत.

*भिंतीत दार आहे.*

मी खुर्ची पुढं ओढली. जा दार.

*थंड खोली. खिडक्यांना काळा कागद. टेबलावर डबा. डब्यात अर्धी भाकरी आहे. अर्धी तू खाल्लीस. कोपऱ्यात एक माणूस बसला आहे.*

डावीकडे माझा डबा उघडा होता. त्यात अर्धी ज्वारीची भाकरी होती.

मी कोपऱ्याकडे पाहिलं. तिथं स्टॅबिलायझर होता, त्याचा लाल दिवा आणि वायरींचा गुंता. एसीचा आवाज नेहमीसारखाच येत होता. मी स्वतःला समजावलं. पंचाक्षरी याच खोलीत बसत. तेही डबा आणत असणार. भाकरी कोण एका दमात खातं? माणूस खेळ लिहितो तेव्हा त्यात स्वतःची खोली घालतो. यात घाबरण्यासारखं काय?

खेळ पहिल्यापासून पुरुषाला म्हणावं तसं "पडलास", "उभा आहेस" म्हणत आला होता. इथं "खाल्लीस" होतं, आणि बाईमाणसासारखं वाचलं तरी चालत होतं, पुरुषासारखं वाचलं तरी. म्हणजे ते मलाच उद्देशून असेल असं नाही, एवढ्यावर मी मन टेकवलं.

बघ माणूस.

*शर्टाचं तिसरं बटण तांबडं आहे. त्याला तहान लागली आहे. तो तुझ्याकडे बघतो आहे.*

मी बटण दाबून मशीन बंद केलं. तसं करायचं नसतं, माहीत होतं. उरलेला दिवस मी बाहेर, ग्यानोबामामांच्या शेजारी फरशीवर बसून तक्ते तपासले.

४

सोमवारी सकाळी डोकं थंड ठेवून मी एक सरळ काम केलं. खेळ न चालवता त्याचा प्रोग्रॅम छापून काढला. अशा खेळात जे वाक्य पडद्यावर दिसतं ते आत कुठंतरी लिहिलेलं असावंच लागतं. मशीन मनानं काही बोलत नाही.

प्रिंटर वीस मिनिटं किरकिरला. मी पट्टी लावून ओळ न ओळ वाचली. बेचाळीस जागा होत्या. गोलाई, टँकर, खडूचे आकडे, पत्रे, सगळं सापडलं. सोळाव्या रस्त्याला एकच वाक्य होतं: *भिंत. पुढे रस्ता नाही.* दाराचा उल्लेख नव्हता. थंड खोली नव्हती. डबा हा शब्द नव्हता, बटण हा शब्द नव्हता. मी पुन्हा पहिल्यापासून वाचलं. बोटं गारठली म्हणून तळहात मांड्यांखाली दाबून वाचलं.

मग खेळ चालू केला आणि थेट सोळाव्या रस्त्यावर गेले.

*भिंतीत दार आहे,* मशीन म्हणालं. मी अजून काही विचारलं नव्हतं.

५

बाहेर आवाज चढला होता. म्हणून मी उठले, नाहीतर उठले असते का कोण जाणे.

शेषेरावांच्या टेबलासमोर एक बाई उभी होती. तिशीची, कपाळाला विभूतीची पुसट रेघ, डोक्यावरून पदर. ती दर सोमवारी येते, हे मला मामांनी सांगितलं होतं. पंचाक्षरींची बायको, जगदेवी.

"अहो बाई, किती येळा सांगायचं?" शेषेराव सगळ्यांना ऐकू जाईल असं बोलत होते. "नवरा तुमचा. सांभाळता आला न्हाई तुमाला. आमी काय कपाटात ठिवलाय?"

"तसं न्हाई साहेब. त्यो इथून बाहेर पडल्याला कुणी बघितला का, एवढंच इचारते."

"जावा आता. न्हाईतर मीच पोलिसात देतो, कामावरून पळाला म्हणून."

ती वळली. मी जिन्यापर्यंत तिच्या मागं गेले.

"वहिनी, एक विचारू? त्या दिवशी त्यांच्या शर्टाचं एक बटण..."

ती थांबली. "तांबडं? तिसरं?"

मी मान डोलावली.

"तुमाला कुणी सांगितलं? त्याच सकाळी मी टाचलं. पांढरं सापडंना, म्हणून माझ्या ब्लाउजचं काढून लावलं. लोकं हसतील म्हणले. मी म्हणलं, तुमचं तिसरं बटण कोण बघतंय?" तिनं माझा दंड धरला. "ताई, कुणी सांगितलं?"

मी तिला जेवढं समजेल तेवढं सांगितलं. त्यांनी मशीनमध्ये काहीतरी लिहून ठेवलंय, त्यात बटणाचा उल्लेख आहे. त्याच दिवशी लिहिलं असेल, घरी जायच्या आधी. बोलता बोलता मलाही ते पटत गेलं. छापलेल्या कागदाचं मी तिला काही बोलले नाही.

"मला वाचाया येतं," ती म्हणाली. "इंग्रजी अक्षरंबी वळखते. दाखवा."

एक वाजता शेषेराव मीटिंगला गेले. मामांनी आम्हाला आत घेतलं आणि दार ओढून घेतलं.

६

जगदेवीनं पदर खांद्यांभोवती गुंडाळला. तिच्या अंगावर काटा आलेला मला दिसत होता. मी सोळाव्या रस्त्यावरून आत गेले.

*थंड खोली. टेबलाशी दोन बाया आहेत. कोपऱ्यातला माणूस उभा राहिला आहे.*

ती पडद्यावर बोट ठेवून अक्षर अक्षर लावत होती. तिचं वाचून व्हायच्या आत माझा हात मशीन बंद करायच्या बटणाकडे गेला. तिनं मनगट धरलं.

"इचारा. कुटं हायत म्हणून."

एवढं लांब वाक्य त्या प्रोग्रॅमला समजणं शक्य नव्हतं. दोन शब्दांपलीकडं त्याला काही कळत नाही, हे मी सकाळी स्वतः वाचलं होतं. तरी टाइप केलं, तुम्ही कुठे आहात.

*रांगेत.*

"कसली रांग?" जगदेवी म्हणाली. मी तेही लिहिलं.

*पाण्याची. पुढे लई माणसं आहेत.*

तिच्या घशातून आवाज निघाला, पण ती रडली नाही. पदरानं तोंड पुसून ताठ बसली. "असं कुणीबी लिहील. लेकीला लाडानं काय म्हणत्यात, इचारा."

*चिमी.*

मी तिच्याकडे पाहिलं. तिनं मान डोलावली आणि मग तिला रडू फुटलं, आवाज न करता, दोन्ही हात तोंडावर दाबून. मी कीबोर्डवरचे हात काढून मांडीवर ठेवले. तिच्या पाठीवर ठेवावेत की नाही, ते मला कळत नव्हतं.

पडद्यावर नवी ओळ आली. मी काहीही टाइप केलेलं नव्हतं.

*चिमीचा पाय भाजला. डावा. तू हळद लावलीस.*

जगदेवीचं रडणं तुटलं. तिनं ते दोनदा वाचलं.

"कधी भाजला?" मी विचारलं.

"परवा." तिचा आवाज बदलला होता. "शेगडीवरचं पातेलं कलंडलं. परवा, ताई. ह्यांना जाऊन दोन म्हयने झाले."

एसीचा घरघराट मध्येच क्षणभर थांबून पुन्हा सुरू झाला.

*तू दार उघडं ठेवून आलीस.*

"कडी पोरीच्या हाताला येत न्हाई," ती पडद्याला सांगावं तसं बोलली. "म्हणून नुसतं लोटून घेतलं. निजली व्हती ती."

पडदा पुसला गेला आणि वर पुन्हा पहिलं वाक्य आलं.

*थंड खोली. टेबलाशी दोन बाया आहेत. कोपऱ्यात कोणी नाही.*

७

मामांची सायकल मी न विचारता घेतली. मुदखेडला शाळेत असल्यापासून मला सायकल येते. जगदेवी मागं बसली. रस्त्याचं डांबर पाघळून चाकाला लागत होतं. ती एवढंच बोलत होती, "डावीकडं घ्या, आता सरळ," आणि मध्ये मध्ये देवाचं नाव.

औसा रस्त्याच्या कडेला पत्र्याच्या खोल्यांची ओळ होती. हापशापाशी घागरी रांगेत मांडलेल्या. हापशाला पाणी नव्हतं, पण नंबर जायला नको म्हणून बाया सावलीला बसून होत्या. आम्ही सायकल टाकून पळालो तशा त्या बघत राहिल्या.

दार सताड उघडं होतं.

चिमी मधोमध बसली होती. सहा वर्षांची, पायाला हळदीचं फडकं. तिच्या मागं कोपऱ्यात रांजण होता आणि रांजण काठोकाठ भरलेला होता. इतका, की वरचं पाणी काठावर फुगून थांबलं होतं. बाहेरून घाम फुटून खाली शहाबादी फरशीवर ओघळत होता.

"बाबा आले व्हते," ती म्हणाली. "पाणी घेऊन."

"तू पिलीस?" जगदेवीनं विचारलं.

"हाव. लई गार व्हतं."

उंबऱ्यापासून आत ओली पावलं उमटली होती. अनवाणी, मोठी, टाचांना भेगा असलेली. त्या उन्हात ओलं पाऊल मिनिटभर टिकलं नसतं. ही आत्ताच उमटल्यासारखी ताजी होती. ती रांजणापाशी गेली होती आणि तिथून मागच्या बाजूला, जिथं जुन्या लुगड्याचा पडदा लावून स्वयंपाकाची जागा केली होती. बाहेर जाणारी पावलं नव्हती.

"बाबा कुटं हायत?"

चिमीनं पडद्याकडं बोट केलं.

मी पडदा सरकवला नाही. हे मी आजही शपथेवर सांगते. मी फक्त खाली बघितलं, कारण पडदा जमिनीपासून वीतभर वर होता. तिथं दोन पाय होते. आमच्याकडे टाचा करून उभे. ओले.

त्यांच्या पुढं आणखी दोन पाय होते. हे कोरडे, धुळीनं राखाडी. त्यांच्या पुढं आणखी दोन, बाईचे, जोडवी घातलेले. मग आणखी. ती जागा एवढीशी होती, की एक शेगडी आणि एक माणूस मावेल. तरी पाय पुढं पुढं दिसतच होते, एकामागं एक, अंगाला अंग लावून उभ्या राहिलेल्या रांगेसारखे, जिथं भिंत असायला हवी होती त्याच्याही पलीकडे. कुणी हलत नव्हतं. श्वासाचाही आवाज नव्हता.

मग शेवटच्या, ओल्या पायांतला एक किंचित उचलला गेला, मागं वळायला उचलावा तसा.

जगदेवीनं चिमीला काखेत मारलं. मी तिला ढकलत बाहेर काढलं. आम्ही दार ओढून घेतलं की नाही, ते दोघींनाही आठवत नाही.

८

जगदेवी तशीच एसटी स्टँडवर गेली आणि निलंग्याची गाडी पकडून भावाकडे गेली. सामानसुद्धा नंतर भावानं नेलं.

मी दुसऱ्या दिवशी सकाळी ती फ्लॉपी हातानं मोडली आणि ऑफिससमोरच्या चहावाल्याच्या भट्टीत टाकली. शेषेरावांनी मेमो दिला, सरकारी मालाची नासधूस. मी उत्तर दिलं नाही, खोलीतही गेले नाही. महिन्याच्या आत नोकरी गेली. वडील चार महिने माझ्याशी बोलले नाहीत. पुढं नांदेडला एका खासगी शाळेत मी गणित शिकवू लागले.

लातूर सोडण्याआधी एकदा धीर करून मी जगदेवीच्या गल्लीत गेले होते. शेजारच्या सरजाबाई ओट्यावर बसल्या होत्या. मी जगदेवीची मैत्रीण म्हणून सांगितलं.

"घर तर रिकामं हाय," त्या म्हणाल्या. "रांजण भरल्याला टाकून गेली, येडी. आमी गल्लीनं वाटून घेतलं ते पाणी. सगळ्यांच्या घागरी भरल्या तरी रांजण सरंना."

त्यांच्या मागं नळाला पाणी आलं होतं. आठ दिवसांनी आलेलं, चांगल्या मनगटाएवढ्या धारेचं. ते दगडावर पडून गटारात चाललं होतं. ना कुणाची घागर खाली होती, ना भांडण. गल्लीतल्या बाया आपापल्या ओट्यावर बसून ते वाहताना बघत होत्या.

"भरत का नाही, मावशी?"

त्यांनी थोडा विचार केला. "नको वाटतंय," त्या म्हणाल्या.

दोन वर्षांनी जगदेवी मला मुदखेडच्या प्लॅटफॉर्मवर भेटली. माहूरला देवीला जाऊन आली होती. चिमी आठ वर्षांची झाली होती, उंच, गुटगुटीत. पायावरचा डाग जवळपास गेला होता. ऊन तापलं होतं. मी माझ्या पिशवीतली पाण्याची बाटली काढून पोरीपुढं धरली. तिनं मोठ्या माणसासारखं हसून नको म्हणून मान हलवली आणि बाटली आईकडं दिली. आईनं झाकण लावून ती मला परत केली.

"त्या दिवसापासून थेंब न्हाई," जगदेवी हळू आवाजात म्हणाली. "भाकरी खाती, खेळती, साळंत जाती. डॉक्टर म्हणत्यात पोर ठणठणीत हाय, तुमीच खोटं सांगायलात."

आम्ही बाकावर बसलो. ती लेकीकडं बघत होती.

"त्या मशीनमधलं कोण व्हतं, मला ठावं न्हाई," ती म्हणाली. "पण पडद्याखालचे वल्ले पाय त्यांचेच व्हते, ताई. पंधरा वर्सं धुतलेत मी. त्यो माणूस एवढ्या लांबून, एवढ्या लोकांतून रांग मोडून आला. मागं वळायला लागला आन मी पळाले." तिनं डोळे पुसले. "मला एक सांगा. सगळ्या जिल्ह्यात पाणी नव्हतं. बापानं लेकराला पाणी पाजलं. त्यात त्यानं काय वंगाळ केलं?"

गाडी फलाटाला लागली. चिमी आईचा पदर धरून चढली, खिडकीत बसली आणि मला हात हलवू लागली. जगदेवी उत्तरासाठी दारात थांबली होती. मी बाटली पिशवीत परत ठेवली, आणि गाडी सुटली.